कोर्टच बंद झालं तर मयत परदेशी माणसाच्या इस्टेटीचं काय?

मैत्रेयी: इजिप्तमधल्या मिश्र कोर्टांबद्दल वाचतेय, परदेशी माणूस गुंतलेले दिवाणी दावे १८७६ पासून तिथे चालायचे. १९३७ च्या माँत्रो करारात ती बंद करायचं ठरलं, पण १४ ऑक्टोबर १९४९ पर्यंत मुदत देऊन. वारसा, मृत्युपत्र असल्या बाबी तोवर कॉन्सुलर कोर्टांकडे, म्हणजे त्या त्या परदेशाच्या कॉन्सुलने तिथे चालवलेल्या कोर्टांकडे, ठेवायचीही मुभा होती. मला हे योग्यच वाटतं. समजा अलेक्झांड्रियातला एखादा ग्रीक व्यापारी गेला, घर तिथे, पैसा बँकेत, निम्मे वारस अथेन्सला, आणि मधेच कोर्ट बदललं तर बायकोने कागद घेऊन कुठे फिरायचं?

दत्ता: नाही पटत. १९२२ ला स्वतंत्र झालेल्या देशात कोण कोणाचा वारस हे परक्या देशाचा कॉन्सुल ठरवणार, तेही अजून १२ वर्षं? आणि त्या व्यापाऱ्याकडे ज्या गावकऱ्याचे कापसाचे पैसे अडकलेत त्याचं काय, त्याचा कोणी विचारच करत नाही.

मैत्रेयी: अरे पण शेवटी सगळं इजिप्तकडेच येणार होतं ना. मिश्र कोर्टातले चालू दावे जिथवर आले असतील तिथूनच पुढे राष्ट्रीय कोर्टात चालवायचे, वेगळी फी न घेता, असं करारातच होतं.

सुलभा वकील: तुम्ही दोघं कोर्टावरच अडलात, कायदा कुठला लावायचा हा वेगळा प्रश्न आहे. १५ ऑक्टोबर १९४९ ला इजिप्तचा नवा दिवाणी कायदा लागू झाला, त्याच्या कलम १७ प्रमाणे वारसा मयताच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने ठरतो. म्हणजे मयत इटालियन असेल तर न्यायाधीश इजिप्तचा पण हिस्से इटलीच्या कायद्याने, मग तो माणूस ४० वर्षं कैरोत राहून तिथलाच झाला असला तरी! मला हे चूक वाटतं. आपल्याकडे १९२५ च्या वारसा कायद्यात कलम ५ बघा, घर-जमीन भारतात असेल तर भारताचा कायदा आणि जंगम मालमत्तेला मयताच्या अधिवासाचा, म्हणजे तो जिथे कायमचा राहत होता तिथला. माणूस राहिला कुठे याला काही किंमत तरी आहे.

दत्ता: कलम १७ ला माझी हरकत नाही, तो नियम इजिप्तने स्वतःच्या कायद्यात स्वतः घातलाय. हरकत कॉन्सुलच्या खुर्चीला होती.

मैत्रेयी: मग ग्रीक, इटालियन, फ्रेंच वारसा कायदा लावणारे न्यायाधीश एका रात्रीत कुठून आणायचे होते, ते सांग.