टोपोशीट म्हणजे गुप्तधनाचा नकाशा नव्हे

भीमाकाठ
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मथळा: ‘जुनी टोपोशीट + डिटेक्टर = राणीछाप रुपये’. मजकूर थोडक्यात असा: एक इंची टोपोशीट, म्हणजे सर्व्हे खात्याचा जुना तपशीलवार नकाशा, मिळवा, आज जिथे धरणाचं पाणी आहे तिथलं जुनं गावठाण हेरा, मे महिन्यात पाणी उतरलं की धातू शोधणारा डिटेक्टर फिरवा. उदाहरण भीमेवरच्या उजनी धरणाचं. खाली ‘भावा लोकेशन टाक’ची रांग.

आमचं जुनं गाव उजनीतच गेलं, म्हणून राहवत नाही. मी ते पाहिलेलं नाही. आजी सांगायची, वेशीबाहेर पडलं की डावीकडे मारुती, पुढे ओढा, ओढ्यापल्याड आमची विहीर. वाटायचं, म्हातारी रंगवून सांगते. मग पुण्यात एका रद्दीवाल्याकडे त्या भागाची मैलाला एक इंचवाली शीट मिळाली. मागे कापड लावलेलं, घड्यांवर फाटलेली. भीमा त्यात नदीएवढीच, आजच्यासारखा समुद्र नाही. आजीला अक्षर येत नव्हतं. नदी कुठे, वेस कुठे एवढं सांगून मी ओढ्यावर बोट ठेवलं. तिने माझं बोट धरून अर्ध्या नखाएवढं खाली सरकवलं. ‘हितं.’ भिंग लावलं तर तिथे विहिरीचं बारीक वर्तुळ.

शीट या कामासाठी असते. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बघायला माणसं जातात, खुशाल जावं. कुदळ घेऊन जाणाऱ्यांना मात्र शरम वाटली पाहिजे.

खणखणाट
घ्या, आणखी एक संस्कृतिरक्षक. डिटेक्टर हातात दिसला की माणूस चोरच?

माझा किस्सा ऐका. मावळात आमची भातखाचरं आहेत. आवणीत वहिनीची अंगठी चिखलात गेली, म्हणून मशीन घेतलं. अंगठी मिळाली नाही, नाद लागला. चार वर्षांची कमाई सांगतो: बाटलीची बुचं, छत्रीच्या काड्या, फाळाचा तुकडा, एक भोकाचा पैसा, १९४४ चा. आणि बैलांच्या खुरांना ठोकतात त्या पत्र्या, डबाभर. पत्र्या सगळ्या एका ओळीत का मिळतात कळेना. जुनी शीट बघितली तर आमच्या शेतातून तुटक रेघ गेलेली. गाडीवाट! घरात कोणाला माहीत नव्हतं. हा इतिहास नाही का? का इतिहास फक्त तुमच्या आजीचा?

मातीचे_थर
आजीला मध्ये आणू नका.

मुद्दा वस्तूचा नसतोच, ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती याचा असतो. नगर जिल्ह्यातलं दायमाबाद आठवा. १९७४ साली गावातला एक माणूस झुडपाचं खोड उपटत होता, मुळांखाली काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा निघाले. साठ किलोच्या वर वजन. नंतर रीतसर उत्खनन झालं, तरी ती चार चित्रं नेमकी कोणत्या काळातली यावर वाद राहिलाच, कारण ती थरातून नोंदवून निघाली नाहीत. तुमचा डबा भरताना प्रत्येक पत्रीची खोली, जागा लिहिलीत का?

खणखणाट
तो माणूस खोड उपटत नसता तर तुमच्या पुस्तकात रथच नसता. तेवढं एकदा कबूल करा, मग थर शिकवा.

आणि हो, जागा लिहिल्यात. मोबाईलवर. खोली नाही लिहिली, चूक. पण नांगराने दरवर्षी उलथणारी वीतभर माती ती. तिथे कसला डोंबलाचा थर?

मातीचे_थर
नांगरटीच्या मातीबद्दल मान्य. फक्त तेवढंच.

कायदाही वाचून ठेवा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर त्यातला तुमचा हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खणखणाट
दहा रुपयांत आज कटिंग येतो. उद्यापासून प्रत्येक बुचाचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत उभा राहतो, चालेल?

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये हे भांडण बरंच निवळलंय. जमीनमालकाची परवानगी, संरक्षित जागा वर्ज्य, १९९६ चा ट्रेझर कायदा आणि बाकी सापडलेल्याची नोंद करायला ठिकठिकाणी अधिकारी. जुने नकाशे तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आजच्या नकाशाशेजारी लावून फुकट ठेवलेत. आपल्याकडे असं का होत नाही?

भीमाकाठ
होईल हो. इकडे एका सिनेमानंतर मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळ खजिना असल्याची अफवा उठली तर २०२५ च्या मार्चमध्ये लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरत होते. त्यांच्या हाती आणखी नकाशे द्या.

बांधावरचा
मी वेगळंच विचारतो. खणखणाट, तुमच्या शेतातून गाडीवाट गेली होती म्हणता. आता कुठंय ती?

खणखणाट
नाही आता. कधीच बंद झाली. आजोबांच्या आधी.

बांधावरचा
बंद झाली की नांगरली? कारण आमची अशीच ‘बंद झाली’. शेजाऱ्याने दरवर्षी नांगराचं एकेक तास आत घेतलं, तिसऱ्या वर्षी वाट दिसेना. ऊस तुटला की डोक्यावर मोळ्या वाहतोय, ट्रॅक्टर येत नाही. इथे राणीछापचा काथ्याकूट चाललाय, अन् पाणंदी गिळल्या त्याचं कोणाला पडलेलं नाही. त्या टोपोशीटवर माझी वाट असेल तर ती मला पाहिजे. तहसीलदाराच्या तोंडावर मारतो.

खणखणाट
ओ, मी कोणाची वाट नांगरली नाही. जपून बोला.

बांधावरचा
टोपी बसली का?

भीमाकाठ
धागा टोपोशीट आणि डिटेक्टरवर आहे. पाणंदीसाठी वेगळा काढा. तसंही तहसीलमध्ये टोपोशीट चालत नाही.

बांधावरचा
तुमची विहीर सापडली तर डोळ्यांत पाणी, माझी वाट सापडली तर वेगळा धागा. झकास.

साखळी_तेहतीस
३२ वर्षं मोजणीत काढली, म्हणून मध्ये पडतो. दोघांचंही निम्मं बरोबर आहे.

टोपोशीट वाटेच्या हक्कासाठी काढलेलीच नाही. एक इंचीवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. पेन्सिलच्या जाड रेघेखाली तुमचं अख्खं वावर जातं. वर लोक जुनी शीट मोबाईलच्या नकाशावर चिकटवतात, तिथे आणखी गोंधळ. जुन्या शीटा एव्हरेस्टच्या मापावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर, मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. आपल्या भागात शे-सव्वाशे मीटरचा फरक सहज पडतो. खणखणाट, पत्र्यांची ओळ आणि रेघ जुळली म्हणता, ती कशी जुळवली?

बांधावरचे भाऊ, तुम्हाला गाव नकाशा हवा, भूमी अभिलेखमधून नक्कल काढा. त्यावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. ही मापं आभाळातून पडलेली नाहीत, आमची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ चा गुंठा, साखळीची अर्धी साडेसोळा, पाव सव्वाआठ. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. वाट नव्हतीच, नवी पाहिजे, तर महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून. लोक चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात आणि वर्षं घालवतात.

बांधावरचा
काका, आम्ही १४३ खाली केला होता. वकिलाने सांगितलं म्हणून. दोन वर्षं झाली.

साखळी_तेहतीस
म्हणजे वाट कधी नव्हतीच असं तुम्हीच लिहून दिलंत. आधी नक्कल काढा, मग दुसरा वकील बघा.

खणखणाट
काका, सरळ सांगतो. मी शीट सरकवून सरकवून पत्र्यांच्या ओळीवर बसवली. उलटं केलं. पण पत्र्या ओळीत आहेत, ते खरंय.

मातीचे_थर
म्हणजे पुरावा आधी, नकाशा मागून. आमच्या खात्यात स्वागत आहे.

खणखणाट
बरं झालं, आता झोप लागेल तुम्हाला.

बांधावरचा
खणखणाट दादा, मघाशी जरा जास्त बोललो. वाट शेजाऱ्याच्या वावरात गेली खरी, पण तिचं पहिलं टोक आमच्या हद्दीत आहे, नांगर न लागलेलं, बाभळीखाली. तिथे मशीन फिरवाल का? पत्र्या निघाल्या तर बघू.

साखळी_तेहतीस
पत्र्या बघून तहसीलदार हुकूम काढत नाही हो.

बांधावरचा
माहितीय. शेजाऱ्याला दाखवायच्यात.

भीमाकाठ
नांगर न लागलेली जागा. म्हणजे थर शाबूत. खणखणाट, खोली लिहा.

खणखणाट
लिहितो. रविवारी येतो. टेप आणा कोणीतरी, माझी वहिनीने नेलीय.