विषय: पुण्यात घर घ्यायचंय, मुलींना शाळेत चालत जाता येईल असं

प्रेषक: आइंडहोव्हनची सभासद

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी जूनच्या आत आम्ही कायमचे पुण्याला परततोय. अकरा वर्षं झाली इथे, नेदरलँड्समध्ये. मोठी लेक नऊची, धाकटी चारची. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत असेल, सासू-सासरे सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात आहेत आणि ते घर सोडणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

गेले चार महिने रोज रात्री मी पुण्यातले फ्लॅट बघतेय. वाकड, बालेवाडी, बाणेर, सूस, बावधन. सगळीकडे स्विमिंग पूल आणि क्लब हाउस, आणि व्हिडिओत सगळीकडे एकच हिरवळ. बावधनच्या बाजूचा एक थ्री बीएचके मनात भरलाय. गुढीपाडव्याच्या आत टोकन दिलं तर पार्किंग आणि मॉड्युलर किचन धरून भाव देतो, असं सेल्सवाल्याने सांगितलंय. म्हणजे हातात नऊ दिवस आहेत.

माझी अडचण अशी. मोठी इथे सायकलवर एकटी शाळेत जाते. परत जायचं ठरल्यावर तिने एकच विचारलं, "तिथे मी एकटी जाऊ शकेन ना?" मी हो म्हणून बसलेय. हा शब्द कुठल्या भागात पाळता येईल? जे परत गेलेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

*

प्रेषक: मराठी मंडळाचे माजी खजिनदार, सध्या मुक्काम बावधन

प्रिय ताई,

तुझी मेल वाचली आणि आधी हे लिहायला बसलो. टोकन देऊ नकोस. पाडवा दरवर्षी येतो, दसऱ्यालाही हीच ऑफर असते.

२०१५ मध्ये मी तिथे बसून असाच फ्लॅट बुक केला होता. साइट पाहिली ती मेहुण्याने, रविवारी दुपारी, डिसेंबरात. डिसेंबरातल्या रविवारी दुपारी पुण्यातली प्रत्येक साइट छान दिसते. मला साडेतेराशे फूट म्हणून विकलं होतं. ताबा घेतल्यावर टेप लावून मोजलं तर भिंतींच्या आत साडेनऊशेही भरेना. तेव्हा जिना, लिफ्ट, लॉबी सगळं लोडिंगमध्ये घालून विकायची पद्धत होती. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. बिल्डरला कार्पेट एरियावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, घर विकावं लागतं. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. तुझ्या माहितीपत्रकावरचा आकडा कशाचा आहे ते विचार. आणि नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागायचा बिल्डरला अधिकार नाही, मग तो कितीही गोड बोलो.

पण फुटांचं दुःख मी विसरलो. पाण्याचं विसरलो नाही.

आमची सोसायटी १२० फ्लॅटची. आमचा भाग तेव्हा महापालिकेच्या हद्दीत नव्हता. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, वाघोली धरून २३ गावं हद्दीत आली ती ३० जून २०२१ ला. हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पुरेसं पाणी येणं वेगळं, हे आम्हाला राहून कळलं. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन, असं बिल्डरने परवानगी घेताना लिहून दिलेलं होतं. सोसायटी ताब्यात देऊन तो गेला आणि ते लिहिलेलं आमच्या मेंटेनन्सच्या बिलात येऊन बसलं. मे महिन्यात आमच्याकडे दिवसाला सात-आठ टँकर येतात, दहा हजार लिटरचे. पहिला पहाटे पाचला. टँकर उशिरा आला की सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं. माझ्या आईला वयाच्या ऐंशीव्या वर्षी बादली भरून ठेवायची सवय परत लावून घ्यावी लागली. लहानपणी तिने विहिरीचं पाणी शेंदलं होतं. मुलाच्या नव्या घरात तिच्यावर ही वेळ यावी याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून घर मे महिन्यात बघ. सेल्स ऑफिसला आधी कळवू नकोस. सकाळी सहाला गेटवर जा आणि वॉचमनला विचार, टँकर किती येतात. सोसायटी झालेली असेल तर कमिटीकडे मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं माग. जी कमिटी दाखवते तिथे निम्मं काम झालं. बोअरवेल आहे, एवढ्यावर समाधान मानू नकोस. ती जुलैत भरभरून चालते आणि मार्चमध्ये गाळ ओकते.

आता तुझ्या लेकीचा प्रश्न. २०१७ च्या जूनमध्ये आम्ही आलो तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता, तुझ्या लेकीएवढाच. शाळा नावाजलेली म्हणून निवडली, ती कोथरूडच्या पलीकडे. मध्ये चांदणी चौक, तेव्हा कायम वाहनांनी तुंबलेला. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. त्याआधीची सहा वर्षं, करोनात शाळा बंद होत्या तेवढी सोडून, माझ्या मुलाने रोज दोन-अडीच तास बसमध्ये काढली. सहा चाळीसला बस. दुपारी यायचा तो दप्तर पाठीला तसंच ठेवून सोफ्यावर झोपलेला असायचा. तिथे असताना फुटबॉल खेळणारा मुलगा, इथे पहिली तीन वर्षं खेळलाच नाही. आम्ही क्लब हाउसचे पैसे भरत होतो आणि क्लब हाउस उघडं असायचं त्या वेळेत तो रस्त्यावर असायचा.

आज विचारशील तर मी असं करीन. आधी शाळा ठरवीन. मग शाळेच्या गेटपासून दीड किलोमीटरच्या आत घर शोधीन, जुनं असलं तरी चालेल, पूल नसला तरी चालेल. आणि तो दीड किलोमीटर जुलैच्या पावसात, सकाळी सातला, लेकीचा हात धरून चालून बघीन. फुटपाथ आहे का, की मध्येच विजेची डीपी आणि पाणीपुरीची गाडी आहे? मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का? नकाशावर यातलं काही दिसत नाही.

बावधन वाईट नाही. संध्याकाळी टेकडीवरून वारा येतो तेव्हा मला इथून कुठेही जावंसं वाटत नाही. पण तुझ्या घरातल्या तीन माणसांच्या वाटा तीन दिशांना आहेत. हिंजवडी एकीकडे, सदाशिव पेठ दुसरीकडे, शाळा अजून ठरायची. यातली एक वाट लांबची होणारच. ती मोठ्या माणसाची असू दे, मुलींची नको.

— काका

*

प्रेषक: आजीव सभासद, कोथरूड

काकांनी पाणी आणि शाळा सांगितली. मी कागदांचं सांगते. पस्तीस वर्षं वकिली केली, आणि परदेशातून घर घेणारे कुठे फसतात ते जवळून पाहिलंय.

अगं, तुझ्या नवऱ्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) काढलंय ना? मग मुळशीच्या रस्त्याला जे "बंगलो प्लॉट" दाखवतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. सात-बारावर जमीन शेतीची असेल तर ओसीआयला आणि अनिवासी भारतीयालाही ती विकत घेता येत नाही. फार्महाउसही नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, होणारच आहे, असं एजंट म्हणेल. झाल्यावर ये म्हणावं. फ्लॅटला अशी अडचण नाही, फक्त पैसे अनिवासींच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, बँकेमार्फत द्या.

सासऱ्यांच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करणार असशील तर वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) करून पाठव, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घे. हे राहून जातं आणि ऐन नोंदणीच्या दिवशी सगळे हवालदिल होतात. त्यात फक्त याच एका घराचे अधिकार दे. "सर्व मिळकती" असा शब्द नको, माणूस कितीही घरचा असला तरी.

घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुणे महापालिका हद्दीत सात टक्के पडतं, तुझ्या नावावर सहा. एक कोटीच्या घरात लाखाचा फरक. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला यायची अधिकृत परवानगी, मिळाल्यावर घेतलंस तर जीएसटी नाही. तेव्हा "रेडी पझेशन" म्हणतील तिथे पहिला प्रश्न भोगवट्याचा. लोक राहायला आलेत, दारात तोरणं लागलीत आणि प्रमाणपत्र नाही, अशा इमारती मी कितीतरी पाहिल्यात.

रीसेलचं घर बघत असशील तर विकणारा भारतात राहतो की बाहेर, हे आधी विचार. तो निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का आयकर टीडीएस म्हणून कापायचा. बाहेरचा असेल तर कलम वेगळं आणि कपात बरीच मोठी, आणि ती करायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुझी. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, तेही बघ. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असली तर पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी तीच गाठ सोडवत बसाल.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. ओढा, नाला, नदी जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय सही करू नकोस. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते शहर विसरलेलं नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी घरात शिरलं. माझी एक अशील तिथेच राहते. तिने मुलांची सगळी पुस्तकं गच्चीवर वाळत घातलेली मी डोळ्यांनी पाहिली. बावधन-पाषाण-बाणेरमधून रामनदी जाते. उन्हाळ्यात ती नाल्यासारखी दिसते म्हणून तिला नाला समजू नकोस.

माझं मत विचारशील तर पहिले अकरा महिने भाड्याने राहा. कोथरूडात वनाझ किंवा आनंदनगर स्टेशनच्या आसपास बघ. सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून मंडईला उतरलं की सासरचं घर चालत. मुलींना आजी-आजोबांकडे न्यायला तुला गाडीही काढावी लागणार नाही.

— मावशी

*

प्रेषक: सभासद, हडपसर

थोडक्यात लिहितो. आम्ही मगरपट्ट्यात राहतो. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून वसवलेली वसाहत. माझा मुलगा दहाव्या वर्षापासून एकटा शाळेत, एकटा बागेत, एकटा मित्राकडे जातो. ताईंनी जे विचारलंय ते पुण्यात अशक्य नाही, हे सांगायला लिहिलं. पण हिंजवडीत नोकरी असेल तर इथे येऊ नका. शहर आरपार कापत रोज जाणारे दोघे शेजारी होते, दोघांनीही घर बदललं.

*

प्रेषक: आइंडहोव्हनची सभासद

काका, मावशी, दादा, तिघांचेही मनापासून आभार.

टोकन दिलं नाही. सेल्सवाल्याचे त्यानंतर सहा फोन आले. भोगवटा प्रमाणपत्राचं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." टँकरचं विचारल्यावर फोन कमी झाले.

काल रात्री आम्ही दोघांनी कागद घेऊन प्रत्येकाचा दिवस लिहिला. कोण किती वाजता निघणार, कुठून, कशाने. नवऱ्याने स्वतःच हिंजवडीची लांबची वाट स्वतःकडे घेतली. तेव्हा आधी कोथरूड-कर्वेनगरला भाड्याचं घर, आणि त्याआधी शाळा. मोठीला मराठी वाचता येतं, हे मंडळाच्या रविवारच्या वर्गाचे उपकार. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे त्या बाबतीत ती मागे पडणार नाही, याचा फार आधार वाटतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटीच येतेय, दहा दिवस. मावशी, दोन सोसायट्यांचे कागद आणीन, तुम्हाला वेळ असेल तेव्हा. काका, तुमच्याकडची एक सकाळ हवी आहे. पहाटे पाचला तुमच्या गेटवर येते, पहिला टँकर येतो तेव्हा. तो किती वेळ थांबतो, टाकी कशी भरतात, हिशोब कोण लिहितं, हे मला उभं राहून बघायचंय. आणि काकूंना सांगा, चहा तिथेच घेईन.