आय.डी. फॅनचा प्लॅटफॉर्म: बीम पास, फ्रिक्वेन्सी नापास. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या बॉयलरचं काम आहे. दसऱ्याला अग्निप्रदीपन, पत्रिकाही छापून झाल्यात, आणि फॅब्रिकेटर रोज सकाळी एकच विचारतो, "साहेब, कटिंग सुरू करू का?"

खाली जागा उरली नाही म्हणून आय.डी. फॅन (बॉयलरचा धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) 6 मीटर उंचीच्या स्टील प्लॅटफॉर्मवर चढवलाय. फॅन, मोटर, बेसफ्रेम मिळून 6 टन, दोन आयएसएमबी 450 वर (450 मिमी उंचीचे आय आकाराचे बीम), स्पॅन 4.5 मीटर. मोटर सिक्स पोल, 970 आरपीएम.

ताकदीला बीम आरामात पास. सगळं वजन मध्यावर धरलं तरी डिफ्लेक्शन (बीमचा झोल) 1 मिमीच्या आत. ड्रॉइंग पाठवणारच होतो. रात्री सहज त्यावरून बीमची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढली (15.8 भागिले मिमीतल्या डिफ्लेक्शनचं वर्गमूळ), तर आली 16 हर्ट्झ. फॅनची 970 भागिले 60, तेही 16! दोन्ही जुळल्या म्हणजे रेझोनन्स, कंपनं वाढतच जाणार. झोप उडाली.

मधे कॉलम टाकता येत नाही, खालून राखेचा कन्व्हेयर जातो. 600 चा बीम यार्डात नाही, मागवला तर आठ दिवस गेले. स्प्रिंग माउंट घालू का?

उत्तर: आधी सांगा, फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आहे का? असेल तर स्प्रिंगच्या नादी लागू नका. वेग कुठेही थांबेल, तेव्हा फ्रिक्वेन्सी कमाल वेगाच्या बरीच वर न्यायला हवी. आहे त्याच 450 ला वर-खाली 200×20 ची प्लेट वेल्ड करा. इनर्शिया (म्हणजे बीमचा ताठपणा) साधारण अडीचपट, फ्रिक्वेन्सी वर्गमुळाने वाढते, म्हणजे 24-25 हर्ट्झ. वेल्डिंग एका दमात ओढू देऊ नका, बीम केळ्यासारखा होतो.

आणि आडवं पाहिलंत का? रोटरचा अनबॅलन्स बाजूलाही तेवढाच ढकलतो. 6 मीटरचे कॉलम ब्रेसिंगशिवाय असतील तर प्लॅटफॉर्म बीमच्या आधी तिथेच डोलेल.

धागाकर्ता: व्हीएफडी आहे हो, डोक्यातच आलं नाही. आणि आडवं खरंच पाहिलं नव्हतं. 20 ची प्लेट यार्डात पडून आहे, ते जमलं. तीन बाजूंना एक्स ब्रेसिंग बसतंय, चौथीकडे डक्ट आडवा येतो. तिथे नी-ब्रेस (कोपऱ्यातला छोटा तिरका आधार) पुरेल की पोर्टलच (कडक सांध्यांची चौकट) करू? कॉलम आयएसएमबी 300 आहेत. उद्या नऊला फॅब्रिकेटर परत दारात उभा असेल.