शोधनिबंध ‘माहितीपर लेख’ होतोय, काय चुकतंय?

कोरडवाहू:
एम. ए. इतिहास, दुसरं वर्ष. ३००० शब्दांचा शोधनिबंध तीन आठवड्यांत द्यायचाय. विषय ‘महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ’. खर्डा पाहून मॅडम म्हणाल्या, ‘हा माहितीपर लेख झाला.’ पाऊस, सुकडी (वाटलेलं पौष्टिक पीठ), मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी), खडीकामं (दगड फोडायची दुष्काळी कामं), तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, रोजगार हमी, सगळं घातलंय. मग राहिलं काय?

बखरकार:
सगळं घातलंय हीच अडचण आहे. तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न नाही. ३००० शब्दांत अख्खं राज्य मावत नाही. एक जिल्हा, दोन वर्षं, एक बाब घ्या. उदा. ‘उस्मानाबाद जिल्ह्यात १९७२-७३ च्या दुष्काळी कामांवर स्त्रियांचं प्रमाण किती होतं आणि कामांच्या निवडीत त्याचा विचार झाला का?’ प्रश्न असा हवा की उत्तर ‘नाही’ येऊ शकेल. ‘दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल झाले’ हे कोण नाकारणार? मग सिद्ध काय करायचं?

शब्दांची वाटणी साधारण अशी: प्रस्तावना ३००, आधीच्या अभ्यासकांचं म्हणणं ५००, साधनं व पद्धत ३००, विवेचन १६००, निष्कर्ष ३००. बहुतेक निबंध पार्श्वभूमीतच १२०० शब्द खातात आणि विवेचन दोन पानांत गुंडाळतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सुरुवात करू नका म्हणजे झालं :)

दफ्तरखाना:
साधनांबद्दल. १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ), विधिमंडळातल्या चर्चा आणि त्या काळची वर्तमानपत्रं. इथे हमखास तीन घोटाळे होतात.

पहिला हद्दीचा. १९७१ च्या उस्मानाबादेत लातूर आहे. तो जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. औरंगाबादेतून जालना १९८१ मध्ये निघाला. त्या वेळचे आकडे आजच्या जिल्ह्यांच्या आकड्यांशेजारी ठेवले की तक्ता पूर्ण चुकतो. एक तर तालुकावार बेरीज करा, नाहीतर तुलनाच टाळा. जिल्ह्याचं नाव त्या काळचंच लिहा आणि आजचं तळटीपेत द्या.

दुसरा शब्दाचा. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला. सरकारी कागदांत ‘टंचाई’ शोधा, नाहीतर सूचीत काही सापडत नाही आणि मुलं बेधडक लिहितात की ‘नोंदी उपलब्ध नाहीत’. खरं तर हा शब्दबदल स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

तिसरा, रोजगार हमीचा. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. योजना त्याआधीची असली, तरी १९७२-७३ च्या प्रत्येक खडीकामाला ‘रोहयो’ (रोजगार हमी योजना) म्हणू नका.

टीपकागद:
एक टिपण, एक कागद: डावीकडे मूळ मजकूर अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह, उजवीकडे तुमचं म्हणणं. दोन्ही एकत्र उतरवलं की आठवड्याने कुणाचं वाक्य कोणतं ते कळत नाही, आणि वाङ्मयचौर्य बहुधा असंच नकळत होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं त्या मोजणीत धरत नाहीत. पण ९ टक्के साम्य असलेला निबंधही पोकळ असू शकतो, तेव्हा आकड्याच्या मागे लागू नका.

आणि युनिकोडमध्येच टंका. जुन्या श्रीलिपी फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा काला होतो. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो वाचता येत नाही.

कोरडवाहू:
गावात तेव्हा कामावर गेलेल्या आजीबाई आहेत. त्यांच्या मुलाखती चालतील का?

दफ्तरखाना:
जरूर घ्या, पण मजुरीच्या दराचा पुरावा म्हणून नको. पन्नास वर्षांत आकडे सरकतात. काम कोणतं, घरापासून किती लांब, तान्हं मूल कुठे ठेवायचं, हे कागदांत मिळत नाही ते विचारा. प्रत्येकीचं १९७२ मधलं वय, मुलाखतीची तारीख आणि ठिकाण नोंदवा, संमती घ्या. ‘मिलो कसा लागायचा?’ असं नको, ‘तेव्हा काय खायचात?’ असं विचारा. नाहीतर तुमचंच उत्तर त्यांच्या तोंडून येईल.

बखरकार:
सारांश शेवटी लिहा, १५० ते २०० शब्द: प्रश्न, साधनं, काय आढळलं. ‘या निबंधात आढावा घेतला आहे’ एवढंच लिहाल, तर मॅडम पुन्हा तेच म्हणतील.