११५० सॉकेट: कूलरचे दोन पुशपिन तुटलेत, मागची प्लेट घरी बनवता येईल का?

ऐरोली_डेस्कटॉप
इंटेलचा आय५-४४६० (११५० हा त्याचा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक), एच८१ मदरबोर्ड, प्रोसेसरबरोबर आलेला गोल कूलर. कूलर बोर्डाच्या भोकांत अडकवणाऱ्या चार प्लास्टिक खिळ्यांपैकी (पुशपिन) कर्णावरचे दोन तुटलेत. कॅबिनेट उभं केलं की कूलर एका कोपऱ्यातून उचलला जातो, लोडवर तापमान १०० अंशांना टेकतं आणि प्रोसेसरचा क्लॉक (वेग) खाली येतो. सध्या झिप टायने आवळलाय. स्क्रू लावायचे तर एम३ की एम४ (३ की ४ मिमी जाडीचे)? मागे ॲक्रिलिक चालेल?

वागळे_टूलरूम
झिप टायवर मशीन उभं ठेवू नका. नायलॉन सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतं, गरम जागी आणखी लवकर.

एम३च घ्या. बोर्डाची भोकं साधारण ४ मिमीची आहेत, एम४ चे आटे कडेला घासतात. भोकांचं अंतर ७५ मिमी, चौरसात. ११५६ ते १२०० पर्यंतच्या सॉकेटना हेच माप, पण ७७५ सॉकेटचं ७२ आणि १७०० चं ७८, त्यामुळे तिथली प्लेट बसणार नाही.

ॲक्रिलिक भोकापाशी तडकतं. ३ मिमी हायलम शीट (राळ घालून दाबलेला कडक, वीज न वाहणारा पत्रा) घ्या, वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या वर्कशॉपमध्ये तुकडा कापून मिळतो. बाहेरून ९० मिमी चौकट, मधे खिडकी. सॉकेटची स्वतःची लोखंडी प्लेट त्या खिडकीत मोकळी राहिली पाहिजे, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा लावून बघा. सोल्डरची टोकं टोचतात तिथे चौकट तासा.

स्क्रू मागून पुढे: चौकट, बोर्ड, नायलॉन वॉशर, नट. हा नट फक्त स्क्रू उभा धरायला, हलकाच. त्यावर कूलरचा पाय (तुटलेली पिन उपसून), मोठा वॉशर, स्प्रिंग, वॉशर, शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). ३५ मिमी लांबी सहसा पुरते. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, खाडीच्या हवेत साधे गंजतात.

कर्णाने_आवळा
दोन गोष्टी जोडतो. बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांत जेमतेम ६ मिमी जागा असते. ३ मिमी चौकटीवर गोल डोक्याचा स्क्रू आणि वॉशर आला की ती संपते. काउंटरसंक स्क्रू वापरा, डोकं शीटमध्ये बुडवा.

दुसरं, स्प्रिंग. बॉलपेनची अजिबात नको, ५ मिमी दाबली तरी १०० ग्रॅमच्या आसपासच जोर देते. ०.८ मिमी तारेची, बाहेरून ६ मिमी, पाच वेढ्यांची, १२ मिमी लांब स्प्रिंग ५ मिमी दाबली की तीनेक किलो देते. चार मिळून १२-१३ किलो, तेवढं पुरे. स्प्रिंगशिवाय नट आवळला तर जोर किती पडला ते कळतच नाही. बोर्ड वाकतो, सॉकेटच्या पिना काही ठिकाणी टेकत नाहीत, आणि रॅमचा एक चॅनल गायब होतो. लोक मग रॅम बदलत बसतात!

आवळताना कर्णाने, दर वेळी अर्धा फेरा. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

नौपाडा_रिपेअर
हे सगळं करण्याआधी सुटे पुशपिन बघा, चारचा सेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो आणि स्वस्त असतो. मूळ कूलरला तोच उपाय बरा. बाणाची खूण फिरवून पिन लॉक स्थितीत आणायची, मग समोरासमोरच्या दोन एकाच वेळी दाबायच्या. चारही काळी टोकं बोर्डामागे पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिलं तरी आत्ताचंच दुखणं परत.

चौकट बनवायची ती जड कूलर लावणार असाल तर.

ऐरोली_डेस्कटॉप
म्हणजे आधी पिन. एकच विचारतो: पिन बदलताना बोर्ड बाहेर काढावाच लागेल का?

नौपाडा_रिपेअर
पत्र्याला प्रोसेसरमागे खिडकी असेल तर नाही, मागून टोकं दिसतात. नसेल तर काढा. आत अंदाजाने दाबलं की बोर्ड खाली वाकतो आणि पिन बसली असं फक्त वाटतं.