जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊ नका
'नव्या फोनवर सगळं आपोआप येतं' असं म्हणतात, पण ते फार तर फोटो आणि नंबरांपुरतं खरं. व्हॉट्सॲपचा बॅकअप बंद असेल तर चॅट जुन्या फोनसोबतच जातात. दिवाळीत आईला नवा फोन घेतला. पातळ, मोरपंखी, हातात घेतल्यावर तिचा चेहराच खुलला! पण जुन्यात आजीचे व्हॉइस मेसेज होते, "जेवलीस का गं?" एवढेच, चार-पाच सेकंदांचे. ते गमावायचे नव्हते.

२०२३पासून व्हॉट्सॲपमध्येच सोय आहे. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असं जायचं आणि नव्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. दोन्ही अँड्रॉइड नाहीतर दोन्ही आयफोन हवेत, वायफाय चालू हवं. आमचं अर्ध्या तासात झालं. नव्या फोनवर आईने पहिला आजीचाच आवाज लावला.