उंची ५ फूट १ इंच, जुनी मोटरसायकल कोणती घेऊ?

चोपडेकर: रोज चोपडा–जळगाव जाणं-येणं. पाय टेकत नाहीत, सस्पेन्शन खाली करून घेऊ का?

धुळेवाला: नको. साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते अन् कलंडते. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमी. ॲव्हेंजरची ७३७, पण ढकलायला जड. सीटचा फोम पुढून दोन्ही कडांनी तासून घ्या, मधला नको. मांड्या आत आल्या की पाय खाली पोचतो.

भुसावळकर: जुनी गाडी बघताना इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा, निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. पुढचं चाक उचलून हॅन्डल फिरवा, मधोमध अडकलं तर कोनसेट (हॅन्डलचं बेअरिंग) गेला. आपल्या काळ्या मातीत चेन लवकर घासते, दर ५०० किमीला पुसून तेल द्या. अन् आरसीवर (गाडीच्या नोंदणीवर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत), बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका भाऊ.